वरून आणि खालून

मी काय शिकते हे आमच्या आईने एकदा शेजारणीला सांगितलं, ते असं : "माशांच्या पिल्लांची छाती तपासते." असली वैतागले मी! एका पेशीपासून अख्खा जीव कसा घडतो, त्यावर संशोधन करून पदव्युत्तर पदवी घ्यायची, हे दोन वर्षं ओरडून सांगतेय. पण खरं बोलायचं तर त्या महिन्यात आईचंच बरोबर होतं. मी छात्याच तपासत होते.

ही पिल्लं तांदळाच्या कणीएवढी आणि काचेसारखी आरपार. त्यांचं हृदय आधी नुसती सरळ नळी असतं, मग ती नळी एका ठरलेल्या बाजूला वळते. सगळ्यांची त्याच बाजूला. का, हा माझा प्रश्न. एका बशीत साध्या पाण्यात वाढलेली पिल्लं, दुसऱ्या बशीत औषधाच्या पाण्यात वाढलेली. औषधाने वळण बदलतं का, एवढंच बघायचं. बदललं, तर आमच्या सरांकडे पुढच्या संशोधनाची जी एकुलती एक जागा होती ती माझी. नाही बदललं, तर पदवी घ्या आणि चालू लागा. सरांनी हे तोंडावर सांगितलं होतं. ते सगळंच तोंडावर सांगतात, म्हणून तर त्यांच्या माघारी आम्ही त्यांना 'कात्री' म्हणतो.

आणि बदललं की हो! साध्या पाण्यातली पिल्लं नीट, औषधातली झाडून सगळी उलटी. आकडे बघून सर खुर्चीवरून उठले आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ज्या माणसाने दोन वर्षांत 'बरं' यापलीकडे कौतुक केलं नाही, त्याची थाप! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. शुक्रवारी दुपारी निवड समिती बसणार होती. "हेच दाखव," सर म्हणाले, "आणि बाकी बडबड करू नकोस. तू फार बोलतेस."

गुरुवारी संध्याकाळी घरी आले, तर आई शिलाई मशीनपुढे कपाळाला हात लावून बसलेली. ती घरीच शर्ट शिवते.

"काय गं, काय झालं?"

"कपाळ माझं! दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. दुसरी कापताना मापाचा कागद पलटायचा, तो पलटलाच नाही. आता कापड वाया."

"एवढंच ना? एक पलटून लाव की," म्हणत मी बाही उचलून उलटी धरली.

"हो, आणि आतली बाजू बाहेर मिरवू दे! ठेव ती खाली."

मी हसले. बाही हातात होतीच. इकडून बघितली तर डावी, पलटली तर उजवी. पुन्हा पलटली. आणि मला माझ्या बशा आठवल्या.

साध्या पाण्याची बशी मी जुन्या सूक्ष्मदर्शकावर मोजली होती. तो वरून बघतो. मग त्याचा दिवा गेला, म्हणून औषधाची बशी शेजारच्या खोलीतल्या नव्यावर नेली. त्याची भिंगं बशीच्या खाली असतात, म्हणजे तो खालून बघतो. पिल्लं आरपार, त्यामुळे वरून बघा नाहीतर खालून, हृदय दिसतंच. फक्त बाजू पलटून दिसते.

आईला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हे कुणाच्या लक्षात येईल?"

"कुणाच्याच नाही."

"मग तुझं तू ठरव बाई. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तुझं तोंड उतरलंय, ते मात्र दिसतंय."

सकाळी जाऊन जुन्याला नवा दिवा बसवला आणि औषधाची बशी त्याच्याखाली ठेवली. पहिलं पिल्लू नीट. तेच शेजारच्या खोलीत नेलं, तर उलटं. परत आणलं, नीट. मला स्वतःचा राग आला, त्या दिव्याचा आला, खालून बघणारं यंत्र ज्याने कुणी काढलं त्याचाही आला. वाटलं, बशी ओतावी मोरीत आणि गप्प बसावं. मला ती जागा हवी होती. भयंकर हवी होती. हातातोंडाशी आलेला घास आपणच कसा टाकायचा?

मग मी सरांच्या खोलीत गेले आणि एका दमात सांगून टाकलं.

सर उठले, दोन्ही यंत्रांवर स्वतः पाहिलं, परत येऊन बसले. "निकाल नाही म्हणजे जागा नाही. समितीला मी दुसरं नाव देईन. कळतंय ना?"

"कळतंय."

"तू बोलली नसतीस, तर कुणी विचारलंही नसतं."

"तेही कळतंय, सर."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "झाडून सगळी उलटी. इतकं स्वच्छ कधी येतं का? मला पहिल्याच दिवशी खटकलं होतं. पण माझी नोकरीची शेवटची वर्षं. मला ते खरं असायला हवं होतं, म्हणून मी विचारलं नाही."

माझं टाळकंच सरकलं. "मग विचारायचं ना, सर! इतके दिवस मी हवेत होते! सगळ्या गावाला सांगून बसलेय मी!"

सरांशी या आवाजात कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. आता हाकलतात, असं वाटलं.

"चुकलो," सर म्हणाले.

मग ते उठले. "चल, बशी पुन्हा मोजू. खरा आकडा तरी लिहून ठेवू."

मी जुन्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. सर शेजारी स्टूल ओढून बसले आणि त्यांनी पेन काढलं. दोन वर्षं ते सांगायचे आणि मी लिहायचे.

"नीट," मी म्हणाले. "नीट. हेही नीट."

प्रत्येक 'नीट'ला जागा आणखी लांब जात होती आणि ते मला माझ्याच तोंडाने म्हणायचं होतं. निम्म्यात आवाज फुटला. डोळे पुसले, भिंग पुसलं.

"थांबायचं?"

"नाही."

शेवटून दुसरं पिल्लू तिरकं पडलं होतं. त्याचं हृदय उलट बाजूला दिसत होतं. एका पिल्लाने काही जागा परत मिळणार नव्हती, पण आशा वेडी असते. सरांचं पेनही थांबलं. तेही वाट बघत होते, माझ्याइतकीच.

मी बारीक सुईने पिल्लू सरळ केलं आणि पुन्हा पाहिलं.

"नीट," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की, सर."

सरांनी लिहिलं.