उलट्या वेढ्याचं हातड्रिल

मित्रांनो, भिलईच्या सेक्टर दहामध्ये एका क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात, फळीवर, एक जुनं हातड्रिल पडलेलं आहे. ते मी. माझं दातेरी चाक अजून फिरतं आणि लाकडी मूठ हात लागून लागून गुळगुळीत झाली आहे. म्हातारे आपली गोष्ट छाती फुगवून सांगतात. मी मात्र खाली मान घालून सांगणार आहे.

माझा जन्म पंजाबातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. बिडाचं चाक, त्याला कानशीने घासलेले दात, वर हिरवा रंग. दुर्गच्या बाजारात मी दोन वर्षं धूळ खात पडलो होतो. मग श्यामरावांनी मला उचललं. श्यामराव मूळचे नागपूरकडचे. भिलईच्या पोलाद प्लांटच्या वाइंडिंग शॉपमध्ये ते जळालेल्या मोटरींना नव्याने तार गुंडाळत.

मला वाटलं होतं, आपण आता भोकं पाडणार. पण श्यामरावांनी मला घराच्या व्हरांड्यात वाइसच्या लोखंडी जबड्यात आडवं धरलं, तोंडात एक सळई घातली आणि तिच्यावर नायक्रोमची तार गुंडाळून हीटरची स्प्रिंग काढली. त्या काळी क्वार्टरमध्ये वीज स्वस्त होती आणि घरोघरी स्वयंपाक हीटरवर व्हायचा. स्प्रिंग जळली की बायका सरळ आमच्या दारात. मी भोक एकही पाडलं नाही, पण सेक्टरातल्या कितीतरी पोळ्या माझ्या भरवशावर फुगल्या.

श्यामराव डावखुरे होते. ते मला उलटं फिरवत, म्हणून आमच्या स्प्रिंगचे वेढे उलटे पडत. बाजारातली स्प्रिंग एका बाजूला वळायची, आमची दुसऱ्या. "उलटा वेढा हाय ना? मग श्यामरावचीच," असं बायका म्हणत. हे ऐकलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

पुढे गॅस आला, हीटर माळ्यावर गेले, श्यामराव रिटायर झाले आणि मी खुंटीला लागलो. पंधरा वर्षं. चाकात कोळ्याने घर केलं, मुठीला गंजाचा वास लागला. मला कुणी शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. पण मी आहे हेच सगळे विसरले होते.

मग एका दुपारी श्यामरावांच्या नातीने मला खाली काढलं. अपूर्वा तिचं नाव. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून बसली होती, नोकरी लागत नव्हती. तिने मला रॉकेलने धुतलं, तेल घातलं, पुन्हा वाइसमध्ये आवळलं. मित्रांनो, म्हाताऱ्याला परत कामावर बोलावलं तर तो काम कोणतं हे विचारत नाही. मीही विचारलं नाही.

काम नाजूक होतं. एक तार माझ्या तोंडात आणि समोरच्या आकड्यात ताणून धरायची. तिच्यावर केसासारखी बारीक तार वेढ्याला वेढा चिकटवून चढवायची. मग ती सजलेली तार तीन मिलिमीटरच्या सळईवर पाच-सहा वेळा गुंडाळली की गव्हाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी स्प्रिंग तयार. पहिले आठ दिवस तार तुटत राहिली. श्यामराव खुर्चीतून बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"कशाले वं पोरी इत्ती बारीक?"

"छोटे हीटर असतात आबाजी," अपूर्वा माझ्याकडे बघत म्हणाली. "लॅबवाले मंगवाते हैं."

तेवढंच पुरलं. म्हातारा उठला आणि तिच्या मागे येऊन उभा राहिला. "तार वढू नको. तिले येऊ दे. श्वास रोखून धर, मग फिरव. आणि उलटं फिरव, आपल्या घरची रीत हाय."

त्या दिवसानंतर तार तुटली नाही. तिच्या स्प्रिंगचे फोटो कुठे कुठे जाऊ लागले, लोक वाहवा करू लागले. रायपूरच्या गिऱ्हाइकाचा फोन यायचा तेव्हा ती व्हरांड्याचं दार लोटून घेई. "भैया, सिक्स रॅप है, धुआं मस्त आएगा." लॅबमध्ये धुराची हौस कुणाला असते? मला पहिल्याच फोनला कळलं. ही स्प्रिंग व्हेपमध्ये बसत होती. म्हणजे ई-सिगारेट, तोंडात धरून ओढायचं ते यंत्र, ज्यावर आपल्या देशात बंदी आहे. ज्या कामासाठी दार लोटावं लागतं, ते काम चांगलं नसतं हे कळायला डिप्लोमा लागत नाही. तरी मी मूग गिळून बसलो. मला बोलता येत नाही ही सबब आहे. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. माझं चाक फिरत होतं, तेल मिळत होतं, कौतुक होत होतं. दात अडकवून मी एखादी तार तोडू शकलो असतो. पण मी एकही तोडली नाही.

मग खंडेनवमी आली. प्लांटमध्ये विश्वकर्मा पूजा होते, पण अवजारांची आमच्या घरची पूजा खंडेनवमीला. श्यामरावांनी मला पाटावर मधोमध मांडलं. पुढे पक्कड, टेस्टर, आणि एका वाटीत अपूर्वाच्या सहा स्प्रिंगा. पूजा झाली की ते उरलेलं कुंकू आपल्या डाव्या, कामाच्या तळव्याला लावत. तसं लावून त्यांनी शेजारच्या कांताबाईंना हाक मारली.

"कांता, ये वं. पाह्य माह्या नातीचा हात!"

कांताबाईंनी एक स्प्रिंग तळव्यावर घेतली. "अगं बाई, इत्तं बारीक! हे तं दागिनाच हाय." त्यांनी वाटीवर हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडले. अपूर्वा प्रसाद आणायच्या निमित्ताने आत गेली. मी झेंडूच्या माळेखाली होतो, म्हणून माझं तोंड कुणाला दिसलं नाही.

थंडीच्या एका सकाळी कांताबाई पुन्हा आल्या. हातात पेटीसारखी एक छोटी वस्तू होती.

"काकाजी, हे वैभवीच्या ब्यागेत भेटलं. म्हणते, पॉवर बँक हाय. पण पोरीले महिना झाला, खोकला सुटून नाही राहिला. रात्री उठून बसते. तुमाले विजेचं समजते, खोलून पाहा ना."

वैभवी त्यांची मुलगी, अकरावीतली. श्यामरावांनी वस्तू स्टुलावर ठेवली आणि बारीक पेचकसाने उघडली. आत जळका कापूस होता, त्याला औषधासारखा गोडसर वास. कापूस काढला आणि खाली ती स्प्रिंग दिसली. त्यांनी भिंग लावलं. त्यांचा हात थांबला. वेढे उलटे होते.

अपूर्वा दारात उभी होती. तिच्याकडे बघायची त्यांना गरज पडली नाही.

"काय निघालं काकाजी?"

मित्रांनो, त्या क्षणी मी मनात म्हणत होतो, नका सांगू. बॅटरी आहे म्हणा, काहीही म्हणा. चाळीस वर्षांचं नाव आहे. कांताबाईंना एवढ्याशा तारेचे वेढे दिसणार नव्हते. कुणालाच कळलं नसतं.

"हीटर हाय," श्यामराव म्हणाले. "याच्यात औषध जळते आणि पोरगी ते छातीत ओढते. आजच दवाखान्यात ने तिले, आणि डॉक्टरले हे दाखव." मग भिंग खाली ठेवून ते म्हणाले, "कांता, ही स्प्रिंग माह्या घरची हाय. याच व्हरांड्यात बनली."

कांताबाई आधी हसल्याच. म्हाताऱ्याने थट्टा केली असं त्यांना वाटलं. मग त्यांनी अपूर्वाचा चेहरा पाहिला.

"काकाजी," त्या हळूच म्हणाल्या, "मी तं हळदकुंकू वाहिलं होतं तिले."

अपूर्वा रडायला लागली. "मला नव्हतं माहीत काकू, वैभवीपर्यंत जाईल म्हणून. सच में."

"नाव नव्हतं माहीत," श्यामराव म्हणाले. "कोणाची तरी पोर ओढीन, हे तं माहीत होतं ना? आणि मी? मी हात पाहत राहिलो. कशाले चालते ते नाही पाहलं."

त्यांचा आवाज चढलासुद्धा नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

अपूर्वाने उरलेली सगळी तार त्याच दिवशी तोडून टाकली. रायपूरचा फोन आला तेव्हा तिने दार उघडं ठेवून नाही म्हणून सांगितलं. वैभवीला दवाखान्यात नेताना ती सोबत गेली आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिली. वैभवी आता बरी आहे, पण जिना चढली की अजून थांबते. कांताबाई श्यामरावांची विचारपूस फाटकातूनच करू लागल्या. व्हरांड्यात येईनाशा झाल्या.

यंदा पुन्हा खंडेनवमी आली. अपूर्वा आता पंप दुरुस्तीच्या दुकानात कामाला जाते. पाटावर तिचं मीटर होतं, पक्कड होती, टेस्टर होता. तिने फळीवरच्या मला हात घातला.

"राहू दे," श्यामराव म्हणाले.

"आबाजी, त्याचा काय दोष?"

"दोष कोणाचा ते मी नाही म्हणत. पण कांताले बोलावलं हाय पूजेले. तिच्यासमोर त्याले कसा मांडू?"

पूजा झाली. कुंकू उरलं होतं, पण त्यांनी ते डाव्या तळव्याला लावलं नाही. कांताबाई आल्या. बऱ्याच महिन्यांनी व्हरांड्यात आल्या. त्यांनी पक्कडीवर फूल वाहिलं आणि मग वर फळीकडे पाहिलं. त्यांच्या हातात एक झेंडू उरला होता. मी वाट पाहिली. त्यांनी तो ताटात ठेवून दिला.

त्यांचं काही चुकलं नाही.

मित्रांनो, अवजारं जपा, तेल घाला, गंज चढू देऊ नका, हे तर मी सांगणारच. पण तेलाच्या आधी एक करा. आम्हाला कामाला लावाल तेव्हा हे काम कुणासाठी आहे, ते घरात मोठ्याने सांगा. जे मोठ्याने सांगवत नाही, ते आमच्याकडून करून घेऊ नका. आम्हाला तुमच्यासारखं 'नाही' म्हणता येत नाही, आणि पुढे लाज मात्र आमच्याही वाट्याला येते.

मला पुन्हा एकदा पाटावर बसायचं आहे. पण श्यामरावांनी मांडून नाही, अपूर्वाने मांडूनही नाही. कांताबाईंनी स्वतःच्या हाताने मांडलं, तरच.