दोनशे शब्दांची यादी

जाफराबादच्या विहारात साक्षी दुपारपासून येरझारा घालत होती. बसली की उठायची, उठली की घड्याळ बघायची. तिच्यापायी वळचणीच्या कबुतरांनाही चैन नव्हती.

कारणही तसंच होतं. पोरीनं पीएचडीला विषय घेतला होता ओरोमो आणि लाओ या भाषांची तुलना. गल्लीतल्या बेबीनंदानं तर तोंडावर विचारलं, "ओरोमो म्हंजे बिस्किट का गं?" दुसरी म्हणाली, "आपल्याच बोलीचं काही करायचं की बाई." पण साक्षी हट्टाची. एक भाषा इथिओपियातली, दुसरी लाओसची. एकीत स्वर लांबवला की अर्थ बदलतो, दुसरीत सूर चढवला-उतरवला की बदलतो. एकीचं क्रियापद आपल्या मराठीसारखं शेवटी येऊन टेकतं, दुसरीचं मधेच उभं राहतं. जन्मात एकमेकींचं तोंड न पाहिलेल्या या दोघींना शेजारी बसवायचं तिनं मनावर घेतलं होतं.

नशिबानं दोन्ही बोलणारे गावातच मिळाले. लाओसचे भंते खामफान पावसाळ्यातल्या वर्षावासाला तीन महिने विहारात मुक्कामी होते. ओरोमो बोलणारा तोलासा एका बियाणे कंपनीत शिकायला आलेला. गावाबाहेर कपाशीच्या प्लॉटवर त्याचं काम चालायचं. साक्षीची आई, कौसल्या, त्याच प्लॉटवर फुलांना पराग लावायच्या मजुरीला जायची.

तीन महिने भंते इथंच होते, पण विद्यापीठातल्या सरांनी दोनशे शब्दांची यादी पास केली ती काल रात्री. वर दम भरला, आजचाच एक दिवस, उद्या सकाळपर्यंत दोन्ही भाषांचं रेकॉर्डिंग न्हाई आलं तर यंदाचं रजिस्ट्रेशन विसरा. पुढच्या वर्षी साक्षीचं वय फेलोशिपच्या नियमात बसत नव्हतं. म्हणजे आज न्हाई तर कधीच न्हाई. आणि वर्षावास संपल्यामुळं भंते आज चारच्या एसटीनं निघणार होते.

त्यात विनयाचा, म्हणजे भिक्खूंच्या शिस्तीचा नियम. बाईमाणसासोबत खोलीत बसायचं तर भंतेंना सोबत दुसरा पुरुष लागतो. त्यासाठी साक्षीचा भाऊ सुमित यायचा होता. पावणेतीनला त्याचा फोन आला.

"राजूरच्या गणपतीच्या गर्दीत जीप फसली गं. चतुर्थी हाय ना आज."

"तुला सकाळीच सांगितलं होतं ना, दुसऱ्या रस्त्यानं ये म्हणून?" साक्षीनं फोन कट केला आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

तेवढ्यात तोलासा दारात. त्याला पाच वाजता बोलावलं होतं, हा तीनलाच हजर. का आला लवकर, हे विचारायचं तिला सुचलंही न्हाई. पुरुष मिळाला एकदाचा, एवढंच तिला दिसलं. एक अक्षर हुकायला नको म्हणून तिनं रेकॉर्डरचं बटण दाबलं आणि दोघांनाही हिंदीत बजावलं की आता फक्त आपापली भाषा बोलायची, दुसरी बिलकुल न्हाई.

कौसल्या चहा घेऊन आली. ताट डाव्या हातावर, उजवा हात पदराआड. तिला बघताच तोलासा उठून उभा राहिला आणि बोलायला लागला. विचारतोय, थांबतोय, परत विचारतोय. साक्षीला पुस्तकातून ठाऊक होतं, ओरोमो माणसं भेटली की घरदार, लेकरं, गुरंढोरं, सगळ्यांची खुशाली विचारल्याबिगर पुढं सरकत न्हाईत. मग भंतेही कौसल्येकडं बघून हळू आवाजात काहीतरी बोलले. घड्याळात तीन वाजून पाच झाले होते. साक्षीच्या जिवाची नुसती तगमग.

"ते सोडा आता. लिस्ट, लिस्ट. जल्दी," ती म्हणाली. "अन् आई, तू मधी मधी नको येऊ बरं."

कौसल्येनं ताट खाली ठेवलं आणि ती गुमान निघून गेली. साक्षीनं बटण दाबलं आणि यादी धरली. पाणी, दगड, आग, हाड. तोलासा एक म्हणायचा, भंते एक म्हणायचे. पावणेचारला दोनशेवा शब्द झाला तेव्हा कुठं तिच्या जिवात जीव आला. निघताना तोलासा काही सांगायला थांबला होता. पण गाडी चुकायची म्हणून साक्षीनं भंतेंची पिशवी त्याच्या हातात दिली आणि दोघांना स्टँडकडं पिटाळलं.

घरी कौसल्या चुलीपुढं बसली होती.

"साक्षे, ते दोघं माझ्याकडं बघून काय इचारून राह्यले होते गं?"

"काही न्हाई. रीत असती त्यायची," साक्षी म्हणाली आणि कानाला हेडफोन लावले.

फाइल होती चार मिनिटांची.

तिनं पुढं-मागं करून पाहिलं. दुसरी फाइलच नव्हती. मग डोक्यात उजेड पडला. आधीच चालू असलेला रेकॉर्डर तिनं घाईत दुसऱ्यांदा दाबून बंद केला होता आणि लाल दिव्याकडं एकदाही बघितलं नव्हतं. दोनशे शब्द हवेत गेले होते आणि भंते एव्हाना जालन्याच्या वाटेवर होते. तिला रडावं का ओरडावं कळेना.

हातात तेवढंच होतं, म्हणून तिनं तीच चार मिनिटं लावली. तोलासाचा आवाज आला. हाधा. हर्का. मग भंतेंचा. मॅ. मू. ओरोमोतली आई आणि हात, लाओतली आई आणि हात. चारी शब्द तिच्या यादीतलेच, रात्र रात्र घोकलेले. दोघांच्या सुरात प्रश्न होता, काळजी होती. आणि त्यांच्यावर चढलेला तिचा स्वतःचा आवाज, ते सोडा आता, जल्दी.

साक्षीनं हेडफोन काढले. कौसल्या डाव्या हातानं पीठ मळू बघत होती, परात सरकून सरकून जात होती. साक्षी उठली आणि तिचा पदर बाजूला केला. मनगट सुजून टम्म झालं होतं.

"सकाळी प्लॉटवर बांधावून घसरले," कौसल्या म्हणाली. "त्या तोलासानंच गाडीवर घरी धाडलं. तुझं आज महत्त्वाचं काम होतं, म्हून न्हाई सांगितलं. झालं का बराबर?"

साक्षीनं तिचा पिठाचा हात पुसला, सुमितला फोन लावून जीप दवाखान्याकडं वळवायला सांगितलं आणि आईच्या पायात चप्पल सरकवली.

"आई, ते इचारत होते तुझा हात लई दुखतो का."

"दोघंबी?"

"दोघंबी."

कौसल्या जरा हसली. परक्या मुलखातल्या माणसांनी विचारलं याचं तिला भारी कौतुक वाटलं.

"मंग?" तिनं विचारलं. "तू काय सांगितलं त्यायला?"