शाळेचा समुद्र

माझी बायको बोंगही फेब्रुवारीत गेली. छातीचं दुखणं होतं. त्या वेळेपर्यंत आमच्या बेटाच्या दक्षिणेकडचे खडक पाण्याखाली पांढरे पडले होते. समुद्री पाला नाही तिथे शंख नाहीत, आणि शंख नाहीत तिथे बायकांनी बुडी मारून आणायचं काय? फक्त शाळेच्या खालच्या अंगाला समुद्रात तिने गामतेचं छोटं रान राखलं होतं. गामतेचा रुंद तपकिरी पाला शंखांना आवडतो. तिने तो मुलांना हाताशी धरून लावला आणि आपल्यासोबत बुडी मारणाऱ्या सगळ्या बायकांकडून शब्द घेतला की त्याला कोणी कोयता लावणार नाही. पिकून बीज सुटलं की हळूहळू सगळीकडे पसरेल, असं ती म्हणायची.

ती गेल्यावर ओहोटीला मी रोज तिथे जायचो. पाणी स्वच्छ असलं की वरून तपकिरी पट्टा दिसायचा. घरात तिचे कपडे होते, पण कपडे वाढत नाहीत.

शरद ऋतूत सुट्टीच्या दिवशी गळ टाकणारे लोक बोटीने यायला लागले. त्यांचे नांगर गामतेत अडकायचे. मुख्य भूमीवरून आमच्या शाळेत आलेल्या चांग बाईंनी ठरवलं की तिथे पाटी लावायची. नाव मुलांनी सुचवलं: ‘शाळेचा समुद्र’. पूर्वी आमची शाळा जळाली होती, तेव्हा बायकांनी समुद्राचा एक तुकडा शाळेला दिला होता, ही गोष्ट मुलांना बोंगहीनेच सांगितली होती. बाईंनी मला विचारलं. मलाही नाव आवडलं. मुलांनी निळ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि बांबूला बांधून उभं केलं.

दुसऱ्या दिवशी मी लसूण लावत होतो. बाईंचा फोन आला.

“समचुन, लवकर या.” आमच्याकडे कुठल्याही वडीलधाऱ्याला, बाई असो की पुरुष, समचुनच म्हणतात. एवढं शिकल्या होत्या त्या. पुढचं रडण्यात गेलं.

शाळेच्या पटांगणात ओल्या गामतेचा कमरेएवढा ढीग पडला होता. बायका कपडेही न बदलता भोवती उभ्या होत्या, थकलेल्या आणि खुशीत.

“हे काय?” मी विचारलं.

“डोळे गेले का? गामते,” चुनह्वा म्हणाली. बायकांची म्होरकी ती. “वाळवून विकलं की शाळेच्या खिडक्या होतील. दर पावसात गळतात. बाईंना तोंडाने मागायला लाज वाटली असणार, म्हणून पाटी लावली. आम्ही काही एवढ्या मठ्ठ नाही.”

“पाटी हात लावू नये म्हणून होती,” बाई म्हणाल्या.

“असं कुठे लिहिलंय?”

“शाळेचा समुद्र म्हणजे...”

“शाळेचा समुद्र म्हणजे शाळेचा समुद्र! माझी आई त्यात बुडी मारायची, मी मारली. तिथलं एक पानसुद्धा आम्ही घरी नेलं नाही, सगळं शाळेला. त्यात उतरू नका असं आजवर कोणी म्हणालं नाही.”

त्यात खोटं काही नव्हतं. आमच्या बेटावर त्या शब्दाचा दुसरा अर्थच नाही. तरी मी ओरडलो, “बोंगहीला शब्द दिला होतात ना?”

“दिला होता. पण हे शाळेसाठी आहे, असं तीच म्हणायची. आम्हाला वाटलं, वेळ आली. सकाळी तिचं नाव घेऊन पाण्यात उतरलो, मेल्या.”

चुनह्वा तिथेच जमिनीवर बसली.

“मी तर बुंध्यापासून कापलं,” तोक्सुन हळूच म्हणाली. “काम चांगलं व्हावं म्हणून.”

बुंध्यापासून कापलेलं गामते परत फुटत नाही, हे मलाही माहीत होतं. मी ढिगाकडे पाहिलं नाही.

बाईंनी डोळे पुसले, ढिगातून एक पान उचललं आणि उजेडात धरलं. पानावर काळपट डाग होते. त्यांनी दुसरं उचललं, तिसरं उचललं. “पिकलंय,” त्या म्हणाल्या. “ओलं ठेवलं तर बीज अजून सुटेल. जाळीच्या पिशव्यांत भरून, दगड बांधून खाली ठेवायला हवं. आजच.”

“म्हणजे आता परत पाण्यात?” तोक्सुन म्हणाली. “जन्मभर काढलं, आता ठेवायला जायचं! समुद्र म्हणेल, म्हाताऱ्यांचं डोकं फिरलं.”

“पिशव्या आहेत?” चुनह्वाने मला विचारलं.

“लसणाच्या आहेत.”

“मग उभा काय राहिलास?”

पिशव्या घेऊन आलो तोवर बायका किनाऱ्यावरच्या दगडी आडोशात शेकोटीला बसल्या होत्या. तिथे पुरुषाने जायचं नसतं. मी भिंतीबाहेर थांबलो. आत भांडण चाललं होतं. जिथे पिशव्या ठेवायच्या तिथे पुढची काही वर्षं काही काढता येणार नव्हतं, शाळेखालचा खडक कापलेल्या बुंध्यांनी भरला होता, आणि उजेड पोचेल असे दुसरे उथळ खडक फक्त ‘आज्यांच्या समुद्रात’ होते. खोल जाता येत नाही अशा म्हाताऱ्यांसाठी तो तुकडा राखलेला असतो. त्यावरच त्यांचं भागतं. तरुण बायका तो मागायला तयार नव्हत्या.

“तिथेच टाका,” चुनह्वाचा आवाज आला.

“समचुन, मग तुम्ही कुठे उतरणार?”

“कुठे नाही. काठावर बसून तुमच्या चुका काढीन. ते काम कोणी करतच नाही.”

“आणि किमआज्जी? ओआज्जी?”

“मला कशाला पुढे करतेस?” किमआज्जी म्हणाली. “माझे गुडघे गेल्या वर्षीच संपलेत. सांगत नव्हते इतकंच.”

ओआज्जीचा मुलगा आजारी असतो, घर तिच्यावर चालतं. ती म्हणाली, “माझा वाटा तुमच्या शंखांतून द्या. नाही दिलात तर भूत होऊन येईन.”

“तू जिवंतपणी काय कमी आहेस?” कोणीतरी म्हणालं, आणि आत हशा झाला. तिचा वाटा सगळ्यांनी कबूल केला.

मुलांनी पिशव्या भरल्या, बाई त्यांवर समुद्राचं पाणी शिंपत राहिल्या. बायका एकेक पिशवी घेऊन उतरल्या. वर येताना दम सोडतात तेव्हा शीळ वाजते. प्रत्येकीची शीळ मला ओळखू येते. त्यांत एक कमी होती.

पाटीवर मुलांनी खाली एक ओळ वाढवली: ‘इथलं काही काढायचं नाही. शाळेसाठीसुद्धा नाही.’ तशीच एक पाटी आज्यांच्या समुद्रावर लागली.

वसंतात मी बोंगहीच्या जागेवर गेलो. बुंधे कुजले होते, खडक उघडा होता. त्या दिवशी मी जेवलो नाही.

काही दिवसांनी चुनह्वाने मला हाक मारून आज्यांच्या समुद्रात नेलं. गुडघाभर पाणी होतं. तिने तळाला काच बसवलेली पेटी माझ्या हातात दिली.

“बघ. तिकडे नको, डावीकडे.”

“काही दिसत नाही.”

“आधी डोळे पूस. मग दिसेल.”

पुसले. खडकावर तपकिरी पानं होती, बोटाएवढी, दाट. पाणी नेईल तिकडे सगळी एकदम झुकत होती.

“तिचंच आहे,” चुनह्वा म्हणाली.

“हो.”

“पलीकडच्या खडकावर याहून चांगलं आहे. तोक्सुनने ठेवलेलं. तिला सांगू नकोस, डोक्यावर बसेल. चल.”

मी पेटी काखेत धरली आणि तिच्या मागून पाण्यातून निघालो.