सहभागी क्रमांक सात

तुम्ही माझं नाव खोडायला सांगितलंत. निवड समितीवर पाच जण आहात, पण मला एक प्रश्न विचारायला एकाचंही तोंड उघडलं नाही.

मी जन्मापासून आंधळी. तुमच्याच संस्थेत बावीस वर्षं टेलिफोनवर बसले. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं कानांनी शिकले. हे पत्रही मीच टाइप केलंय, चुका माझ्या.

लिफ्टची बटणं काढून तुम्ही गुळगुळीत काच बसवलीत, तेव्हा मी रोज भलत्याच मजल्यावर उतरायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या संशोधक बाईंनी त्यावरच काम काढलं. पहिला प्रयोग असा, की विद्यार्थ्यांचे डोळे बांधायचे आणि त्यांना काचेसमोर उभं करायचं. पोरं किंचाळली, भिंतीवर आदळली. निष्कर्ष निघाला: लिफ्टने मोठ्याने बोलत राहावं. मला हसू आवरेना.

"मावशी, हसताय काय?" बाईंनी विचारलं.

"डोळे बांधून आंधळं होता येत नाही गं, नुसतं घाबरता येतं. यांना सोबत हवीय. मला मजला हवाय."

दुसरी कुणी असती तर दार दाखवलं असतं. हिने वर्षाचं काम बाजूला सारलं. "मग बसा समोर. चुकले की कान धरा."

चार वर्षं बसले. काचेऐवजी घेतलेल्या पुठ्ठ्याच्या कोपऱ्यावर गोंदाचा थेंब वाळवून तिला म्हटलं, "बोटाला आधी घर दे, मग पत्ता सांग." बोट थेंबावर टेकायचं आणि तिथून बोटबोट अंतराने मजले मोजायचे. लिफ्टची बडबड बंद. माझ्यासकट एकतीस जणांनी चाचणी दिली. एकच चुकला, तोही गप्पा मारत होता म्हणून.

तिने शोधनिबंधावर स्वतःच्या नावाखाली माझं नाव घातलं. तुमचा शेरा आला: चाचणी देणारी व्यक्ती लेखक असू शकत नाही, नाव खोडून 'सहभागी क्रमांक सात' लिहावं. नाहीतर हा निबंध तिच्या नेमणुकीसाठी धरला जाणार नाही. तो धरला नाही तर तिची नेमणूक संपते, हे तुम्हाला ठाऊक होतं.

मी म्हटलं, "खोड गं बाई. माझ्या नावाने कुणाची चूल पेटणार आहे?"

"थेंब माझ्या डोक्यातून निघाला असं लिहू?"

"लिही. मी काही बोंबलत फिरणार नाही."

तिने निबंधाची फाईल मिटली. मग म्हणाली, "मग डोळ्यांवर पट्टी मलाच बांधा, मावशी. उघड्या डोळ्यांनी हे खोटं लिहवणार नाही."

फाईल तिने माझ्या नावासकट तशीच पाठवली. काल फाईल परत आली, सोबत तिची नेमणूक संपल्याचं पत्र. आज बाई शांतपणे पुस्तकं खोक्यांत भरतेय, मी आमचे पुठ्ठे गुंडाळतेय. रडारड नाही. चहासुद्धा तिनेच केला, साखर विसरली तेवढंच.

हे पत्र द्यायला मी चौथ्या मजल्यावर, तुमच्या दारी आले. एकटी आले आणि बरोबर मजल्यावर उतरले. कारण लिफ्टच्या काचेवर कोपऱ्यात आमचा थेंब आहे. दोन महिन्यांपूर्वी तुम्हीच तो बसवून घेतलात.

थेंब चालतो, तर ज्या बोटाने तो शोधला त्याचं नाव का चालत नाही? आणि ते खोडलं नाही म्हणून तिची नोकरी का जावी? पाचही जणांनी सह्या करून लेखी उत्तर द्या. मी बाहेरच्या बाकावर बसलेय. घेतल्याशिवाय उठणार नाही.