पुसलेल्या अकरा कॅसेट

मी एक टेपरेकॉर्डर बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांचंच ऐकलं. आज माझं थोडं ऐकून घ्या.

कारखान्यातून निघालो तो थेट समाजकार्याच्या कॉलेजात आलो. एका तरुण प्राध्यापक बाईंच्या हाती मला सोपवलं. एचआयव्ही झालेल्या माणसांना घरीदारी काय सोसावं लागतं, हा त्यांच्या पीएचडीचा विषय. तेव्हा त्या आजाराचं नाव काढलं तरी लोक खुर्ची मागे सरकवत. बाई पुढे ओढून बसायच्या. मी बोलणं टिपून घेणार हे आधी सांगायच्या, आणि समोरच्याने मान हलवली तरच बटण दाबायच्या.

तीन वर्षांत अकरा कॅसेट भरल्या. अकरावी एका शिवणकाम करणाऱ्या बाईची. नवरा याच आजाराने गेलेला, तपासणीत तिलाही निघालेला.

"सासूबाईंना यातलं काही माहीत नाही," ती म्हणाली. "मॅडम, हे या खोलीबाहेर जाणार नाही ना?"

"नाही जाणार."

आठवडाही झाला नसेल, प्राचार्य एका माणसाला घेऊन खोलीत आले. तो तिचा दीर. कॉलेजच्या व्यवस्थापनात त्याचं चांगलंच वजन. वहिनीला आमच्या खोलीतून निघताना कुणीतरी पाहिलं होतं. आजाराचा पुरावा हाती आला की तिला घराबाहेर काढायला तो मोकळा.

"यंत्र कॉलेजचं, कॅसेटही कॉलेजच्या," प्राचार्य म्हणाले. "सोमवारी अकराला सगळ्या माझ्या टेबलावर हव्यात. आणि हो, काही बाहेर न्यायचं नाही."

ते गेल्यावर बाईंनी नवऱ्याला फोन लावला. "मी सगळं पुसतेय."

पलीकडून काय आलं ते मला कळलं नाही. बाई एवढंच म्हणाल्या, "पीएचडीचं बघू रे. तिचं घर जाईल."

माझ्या मायक्रोफोनच्या भोकात त्यांनी रिकामी पिन खोचली आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. म्हणजे आवाज काही येणार नाही, आणि जुनं जाईल. पहिली पुसली ती शिवणवाल्या बाईची. मग बाकीच्या, कारण साहेब सगळ्याच ऐकणार होते. एकेका कॅसेटला तास. शनिवारची दुपार गेली, रविवारची सकाळ गेली. माझी मोटार तापली. थांबलो तर काय, या धास्तीने मी कसाबसा फिरत राहिलो.

दोन कॅसेट उरल्या असताना दार वाजलं. शिपाईकाका.

"मॅडम, साहेब विचारतायत, सुट्टीच्या दिवशी खोलीत कोण आहे?" त्यांची नजर माझ्यावर आली, फिरणाऱ्या चाकांवर थांबली.

"सांगतो, परीक्षेचे पेपर तपासतायत," काका म्हणाले आणि दार ओढून गेले.

सोमवारी प्राचार्यांच्या टेबलावर मी एकामागून एक कॅसेट वाजवली. नुसती खरखर. दिराचा चेहरा लालबुंद.

"हे कुणी केलं?"

"मी," बाई म्हणाल्या.

चौकशी झाली, संशोधन बंद पडलं, बढती हुकली. शिकवणं तेवढं राहिलं. मी कपाटात गेलो.

वर्षभराने कपाटाच्या दाराआडून ओळखीचा आवाज आला.

"मॅडम, माझ्यापायी तुमचं सगळं गेलं म्हणे."

"तुझं घर आहे ना?"

"आहे. सासूबाईंना शेवटी मीच सांगितलं. दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, डॉक्टरकडे एकटी जाऊ नकोस, मी येते." मग ती म्हणाली, "आता लिहा माझं. नाव घातलं तरी चालेल."

बाईंनी नाव घातलं नाही. पण सगळं कागदावर पुन्हा सुरू झालं, एकेक माणूस परत आला. पीएचडी सहा वर्षं उशिरा झाली.

आता बाई विभागप्रमुख आहेत. दरवर्षी नव्या वर्गापुढे मला ठेवून ही हकिकत सांगतात. परवा एका मुलीने विचारलं, "पुसताना वाईट नाही वाटलं?"

"वाटलं. अजून वाटतं."

मलाही वाटतं. माझा पट्टा तुटलाय, भंगाराच्या यादीत नंबर लागलाय. जाता जाता एवढंच मागतो: कुणी विश्वासाने तुमच्याजवळ मन मोकळं केलं, तर ते तुमच्याजवळच राहू द्या. येतो मी.