काकडीची चकती का विरघळली

आमच्या काकडीच्या पॉलिहाऊसच्या, म्हणजे प्लास्टिकने झाकलेल्या शेताच्या, दारात गर्दीमुळे पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर दोन वाट्या, दोन्हींत काकडीची एकेक चकती. पीक का सडतंय ते सांगायला आलेल्या बुवांनी आपल्या झोळीतल्या बाटल्यांतून त्यांत पाणी ओतलेलं. सकाळी एका वाटीत माझ्या भावाने बोटं बुडवली होती, दुसरीत वहिनीने. दुपारी बुवांनी काडी टोचली. भावाची चकती कडक होती. वहिनीची चकती काडी लागताच लगदा होऊन पसरली.

"पाहिलंत?" बुवा गरजले. "पीक सडत नाही, सडवलं जातंय! हा हात घरात आहे तोवर वरून देव उतरला तरी तुम्हाला वाचवणार नाही!"

गर्दी हात जोडून उभी.

वहिनी कधीपासून एकच सांगत होती, "पांढरी बुरशी धरलेले वेल उपटून जाळा, नाहीतर सगळं जाईल." बुवांनी वेलांना हात लावायची मनाई केली होती, आणि त्यांना तोंडावर 'नाही' म्हणणारी घरात ती एकटीच. मी पिकांच्या रोगांची डॉक्टर. मीही तेच म्हटलं. आई उसळली, "तुझं शिक्षण तुझ्यापाशी ठेव. डोळ्यांनी बघितलं ते खोटं?"

संध्याकाळी वहिनी बॅग घेऊन माहेरी गेली. भाऊ मान खाली घालून उभा होता. मलाही तिला थांबवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बुवा घर शुद्ध करायला आले. मी सडक्या काकड्या पिळून रस फडक्यातून गाळला होता, पाण्यासारखा नितळ होईपर्यंत. त्यातला अर्धा रस उकळून गार केला होता, अर्धा कच्चाच ठेवला होता. त्याच गर्दीसमोर दोन वाट्या मांडून आईला म्हटलं, "दोन्हींत तुझाच हात घाल."

दुपारी कच्च्या रसातली चकती विरघळली होती. उकळलेल्यातली कडक.

"सासूलाही बाधा झाली!" बुवा ओरडले. आणि काय सांगू, चार माणसं खरंच आईपासून दूर सरकली.

आईचा चेहरा पडला. "एकाच वाटीत कशी बाधा? आता तुम्ही घाला हात."

बुवांनी झोळी उचलली आणि वाट धरली.

मग मी समजावलं. बुरशीला दात नसतात. ती विकरं, म्हणजे एन्झाइम, नावाची द्रव्यं सोडते. ही विकरं पेशींच्या भिंती आणि त्यांना जोडणारा चिकटा विरघळवतात, मग बुरशी आत घुसते. रस गाळला तरी विकरं त्यात राहतात, उकळला की निकामी होतात. वहिनीच्या वाटीत बुवांनी असलाच रस ओतला होता. भावाच्या वाटीत साधं पाणी.

सगळ्यांना पटलं. पण बुरशी शेवटच्या ओळीपर्यंत पोचली होती. एक वेल वाचला नाही.

भाऊ आणि मी वहिनीला आणायला गेलो. तिने दारातच सगळं ऐकून घेतलं.

"सासूबाईंच्या हातावर आळ आला तेव्हा पटलं," ती म्हणाली. "माझ्या तोंडून का नाही पटलं?"

तिने दार लावलं नाही, पण 'आत या' असंही म्हणाली नाही.

चमत्कार दाखवणाऱ्याला एवढंच सांगा: हात बदल, पाणी आमचं घे, पुन्हा करून दाखव. आणि हे कुणाला घराबाहेर काढण्याआधी सांगा. आम्ही नंतर सांगितलं.