डावी पोटरी

“सूनबाई, मानसाला खुट्यावानी उभं करू नको,” सोनाजी म्हणाले होते, आणि अक्षदानं ते हसण्यावारी नेलं. सासऱ्यांची उभी हयात मेंढरांमागं काठीला टेकून गेलेली, त्यांनीच उभं राहण्याला नावं ठेवावीत? तसं ती बोललीही. त्यावर म्हातारा म्हणाला, “व्हय, पर कळप सरकला की आपुनबी सरकायचं. ह्यो कुठं सरकतोय?”

हा म्हणजे तिचा नवरा शिवशंकर. वाळूजच्या कारखान्यांसाठी तो पडेगावच्या घरातून कॉम्प्युटरवर सुट्या भागांची ड्रॉइंगं काढायचा. खुर्चीनं कंबर धरली, तेव्हा उभ्यानं काम करायचं टेबल अक्षदानंच मोबाइलवर वाचून सुचवलं. दुष्काळाचं साल, नळाला आठ-नऊ दिवसांनी पाणी, त्यामुळं घरात निळे ड्रम होतेच. दोन ड्रमांवर फळी टाकली की झालं टेबल. कंबर दुखायची थांबली आणि तो दहा-दहा तास एका जागी उभा राहू लागला. तान्ह्या लेकीची दुपटी धुवायला पुरावं म्हणून पाणीही बेतानंच प्यायचा. अक्षदाला त्याचं कौतुक वाटायचं.

मे महिन्यात त्याची डावी पोटरी सुजली. उजवी नाही. लेकीच्या पाठीवरची घामोळी मोजणारी अक्षदा; तिनं दोन्ही पोटऱ्या सुतळीनं मापल्या, दोन बोटांचा फरक निघाला. वजन त्याच पायावर पडत असेल, एवढंच तिच्या डोक्यात आलं. लेकीची मालिश झाली की वाटीत उरलेलं कोमट तेल घेऊन ती त्याची पोटरी चोळायची, खालून वर, जोर लावून.

“बाळंतीण मी, आणि शेक-मालिश तुमची,” ती चिडवायची.

“मग डिंकाचे लाडू पण दे.”

चौथ्या दिवशी सकाळी असंच चोळून झालं. तो उठून फळीपाशी गेला, छातीवर हात ठेवून म्हणाला, “अक्षदा, दम लागतोय गं.” चार पावलं चालला होता फक्त. सोनाजींनी त्याला धरून रिक्षात घातलं. छावणीतला दवाखाना येईस्तोवर त्याचे ओठ निळे पडले होते.

दवाखान्यात तो तासभरही टिकला नाही. डॉक्टरांनी विचारलं, पाय कधी सुजला, चोळला होता का. तिनं खरं ते सांगितलं. पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात जाऊन अडकली, डॉक्टर म्हणाले. ती कशानं सुटली हे नक्की सांगता येत नाही, असंही म्हणाले. पण ते तिच्या कानापर्यंत पोचलं नाही. ती आपल्या तेलकट हातांकडं बघत होती.

आता लेकीला आजोबाच चोळतात. अक्षदा भेटेल त्याला एकच गोष्ट सांगते, तुम्हालाही सांगते. घरातलं कुणी दिवसभर एका जागी उभं राहून नाहीतर बसून काम करत असेल, तर आजच त्याला पँट गुडघ्यापर्यंत वर करायला लावा. दोन्ही पोटऱ्या शेजारी-शेजारी धरून बघा. एकच जाड दिसली, तर चोळू नका, तसंच डॉक्टरकडं न्या. कामात आहे म्हणेल, हसेल. तरी बघा.